पोलिसांवरचा खर्च कमी करावा का? तालुक्याच्या ठाण्यापासून हिशोब मांडू

पारावरचा · सोमवार, रात्री ९.१२

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन लागलं की विदर्भातल्या ठाण्यांमधून बंदोबस्तासाठी माणसं उचलली जातात. नेमका तोच काळ कापूस वेचणीचा, तुरीला शेंगा भरण्याचा आणि वावरातून मोटारपंपाची केबल चोरीला जाण्याचा. गरजेच्या वेळी गावाचे पोलीस गावात नसतात.

अमेरिकेत मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. पोलिसांचा पैसा काढा आणि तो दवाखाने, घरं, समुपदेशन यांना द्या, ही मागणी तेव्हापासून सगळीकडे पोचली. माझं मत सरळ आहे. ग्रामीण विदर्भातही हा खर्च कमी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि शाळेला द्यावा. गावाला पोलीस दिसतो पोळ्याला आणि निवडणुकीला.

'पोलीस वाईट' आणि 'पोलीस नसले तर अराजक' ही दोन्ही भाषणं नकोत. कोणत्या कामावर किती माणूस आणि पैसा जातो, काय काढलं तर काय बिघडेल, तेवढं सांगा.

लेखाशीर्ष · सोमवार, रात्री ९.५०

पोलिसांचा महसुली खर्च लेखाशीर्ष २०५५ मध्ये पडतो, इमारतीसारखा भांडवली खर्च ४०५५ मध्ये. तुमचं आरोग्य केंद्र २२१० मध्ये, शाळा २२०२ मध्ये. विधानमंडळ मंजुरी देतं ती मागणीनिहाय, आणि एका मागणीत वाचलेला पैसा परस्पर दुसऱ्या मागणीत वळवता येत नाही. ठाण्याने वर्षभर डिझेल वाचवलं तर ते पैसे ३१ मार्चच्या आत समर्पित होतात, म्हणजे सरकारकडे परत जातात. आरोग्य केंद्रात सलाइनच्या बाटल्या होऊन येत नाहीत.

२०५५ च्या पोटात जिल्हा पोलीस, राज्य राखीव दल, गुन्हे अन्वेषण, रेल्वे पोलीस, प्रशिक्षण, न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक), बिनतारी व संगणक, आधुनिकीकरण अशी गौण शीर्षं आहेत. सर्वांत मोठा घास जिल्हा पोलिसांचा, आणि त्यातही पगार-भत्त्यांचा. पगार कापता येत नाही, पदं मात्र रिकामी ठेवता येतात. म्हणून वरून 'काटकसर करा' असा आदेश निघाला की हाताला लागतं डिझेल, गाडीची दुरुस्ती, कागद-शाई. म्हणजे जो भाग गावापर्यंत पोचतो तोच.

वऱ्हाडी ठेचा · सोमवार, रात्री १०.०४

म्हंजे तोडाले गेलो बाभूळ अन् तुटला कढीपत्ता. 😀

संत्रा बर्फी · सोमवार, रात्री १०.३१

मूळ मताला माझा विरोध. पोलीस पोळ्यालाच दिसतो हे खरं असेल, तर ते खर्च कमी आहे म्हणून.

केबल चोरीचंच घ्या. वावरातून शंभर-दीडशे फूट तांब्याची केबल गेली तर चोर ती तशीच विकत नाही. वरचं प्लास्टिक जाळून नुसतं तांबं भंगारात देतो. जळालेलं तांबं ओळखता येत नाही. त्यामुळे तपास होतो तो पहिल्या दोन दिवसांत: जळालेल्या प्लास्टिकची जागा शोधणं, तालुक्यातल्या भंगारवाल्यांची खरेदीवही बघणं, बाजारच्या दिवशी कोण वजनाला तांबं घेऊन आलं ते विचारणं. याला विज्ञान लागत नाही, बीट (वाटून दिलेल्या गावांचा गट) सांभाळणाऱ्या जमादाराला मोकळे दोन दिवस लागतात. ते त्याच्याकडे नसतात. मग 'केबलचं बिल आणा' यावरच प्रकरण थांबतं. आठ वर्षांपूर्वीच्या केबलचं बिल कोणत्या शेतकऱ्याजवळ असते?

(जाता जाता: बिल नसलं तरी गुन्हा नोंदवता येतो. अंदाजे किंमत फिर्यादीत लिहितात. बिल पुढे मुद्देमाल परत मिळवताना कामी येतं.)

जुना मोहरर · सोमवार, रात्री ११.२०

संत्रा बर्फी यांनी म्हटलेले मोकळे दोन दिवस जातात कुठे, ते मांडतो.

चोवीस तास चालणारी एक खुर्ची घ्या. आठ तासांच्या पाळीने वर्षाला ३६५ × ३ = १०९५ पाळ्या. एका अंमलदाराच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, २० नैमित्तिक रजा, ३० अर्जित रजा आणि कोर्ट-प्रशिक्षणाचे साधारण १० दिवस वजा केले तर उरतात २५३. १०९५ भागिले २५३, म्हणजे एका खुर्चीला सव्वाचार माणसं. बारा तासांची पाळी केली तर ७३० भागिले २५३, म्हणजे तीनला थोडं कमी.

आता लहान ठाण्यातल्या न हलणाऱ्या जागा मोजा. ठाणे अंमलदार एक, सीसीटीएनएसच्या (गुन्हे नोंदवायच्या ऑनलाइन प्रणालीच्या) संगणकावर एक, पहारा एक, ११२ या तातडीच्या क्रमांकाच्या गाडीवर चालक आणि एक अंमलदार. झाल्या पाच. बारा तासांच्या पाळीने यांनाच १४-१५ माणसं लागतात, आठ तासांच्या पाळीने २१-२२. ठाण्याला ३५ जण हजर धरले तर बारा तासांच्या हिशोबाने उरले वीस. त्यातून कोर्ट पैरवी, समन्स-वॉरंट, गोपनीय, ठाणेदाराची गाडी, रायटर, बाहेरचा बंदोबस्त, रजेवरचे, आजारी. साठ गावांच्या बिटांना जे उरतं ते उरतं.

म्हणून 'दहा टक्के कमी करा' म्हटलं तर ३५ मधले साडेतीन खुर्चीवरून उठत नाहीत. ते उठतात बिटातून. ठाणे बंद ठेवता येत नाही, बीट न सांगता बंद पडतं.

पारावरचा · मंगळवार, सकाळी ७.४०

@जुना मोहरर, हा हिशोब माझ्या विरोधात जातो, पण पटला. मग प्रश्न असा करू: खर्च तोच ठेवून कोणती कामं पोलिसांच्या डोक्यावरून काढता येतील?

वऱ्हाडी ठेचा · मंगळवार, सकाळी ८.१५

पयले ते साहेबाच्या बंगल्यावरचं कुत्र्याले फिरवनं काढा ना बाप्पा. मंग बाकीचं बोलू.

कडूनिंब · मंगळवार, सकाळी ९.०२

ठेचाभाऊंची थट्टा सोडली तरी मुद्दा जुना आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेवरच्या अहवालात समन्स पोचवण्यासारखी कामं पोलिसांकडून काढून दुसऱ्या यंत्रणांना द्या असं सुचवलं होतं. त्याच्या आधी, २२ सप्टेंबर २००६ ला, प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा हा निर्देश दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सची सोय आलीच आहे. पण साक्षीदाराचा मोबाईल नंबर कागदावर बरोबर हवा, आणि आपल्याकडे सिम बदलणं हा वार्षिक सण आहे.

अमेरिकेतल्या मागणीचा मोठा भाग असा होता की मानसिक त्रासातल्या माणसाकडे बंदूकवाला पाठवू नका, प्रशिक्षित माणूस पाठवा. आपल्याकडे ते काम पोलिसांकडे आहे कारण दुसरं कोणी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १०० बघा. भटकणारा मनोरुग्ण आढळला तर ठाण्याने त्याला ताब्यात घ्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथून पुढे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. गाडी, चालक, सोबत एक-दोन अंमलदार, बाई असेल तर महिला अंमलदार. दीड-दोन दिवस बीट रिकामं.

हे काम पोलिसांकडून काढायचं तर उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि दोन खाटा हव्यात. म्हणजे आधी आरोग्यावर खर्च वाढवावा लागेल, मग पोलिसांचा वाचेल. उलट क्रमाने केलं तर तो माणूस एसटी स्टँडवरच राहील.

मोहफूल · मंगळवार, दुपारी १.१०

सगळे नागपूर-नागपूर करून राहिले, पण आमच्या जिल्ह्यांतलं सर्वांत मोठं खातं कोणी उघडलंच नाही. दारूबंदी. वर्धा सत्तरच्या दशकापासून बंद, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१.

एका प्रो. रेडचा (दारूबंदीच्या छाप्याचा) हिशोब करा. जमादार, दोन शिपाई, महिला अंमलदार, चालक. नाल्याकाठी भट्टी, जमिनीत पुरलेले ड्रम, त्यात मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं). दोन पंच आणावे लागतात आणि गावातला माणूस पंच व्हायला तयार नसतो, कारण भट्टीवाला त्याचा भाऊबंद. सडवा जागेवर नष्ट करायचा, दारूचा नमुना बाटलीत काढून सील करायचा, लेबलवर पंचांच्या सह्या घ्यायच्या. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागते. नाल्यात रेंज नाही, मोबाईलची बॅटरी संपलेली. मग गुन्हा दाखल, कलम ३५(३) ची (अटक न करता हजर राहायची) नोटीस, आरोपी घरी. नमुना घेऊन एक अंमलदार नागपूरच्या नाहीतर अमरावतीच्या प्रयोगशाळेत. अहवाल आल्यावर दोषारोपपत्र, मग तारखा. जुळवलं तर एका लहान भट्टीमागे सहज ४० माणूस-तास जातात.

कोर्टात पडते ते दोन ठिकाणी. पंच फितूर होतात, आणि सील-लेबलवरची तारीख मालखाना नोंदवहीशी जुळत नाही. तोवर भट्टीवाल्यानं दुसरा ड्रम पुरलेला.

आता गंमत पाहा. दारूचं उत्पन्न राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या खात्यात दिसते. बंदी असलेल्या जिल्ह्यात तसं उत्पन्न नाही, पण पकडायचा खर्च बहुतेक सगळा २०५५ वर. दारूबंदी हे समाजसुधारणेचं काम असंल तर त्याचं बिल पोलिसांच्या नावावर काहून?

संत्रा बर्फी · मंगळवार, दुपारी १.४५

म्हणजे दारू उघडी करा म्हणता?

मोहफूल · मंगळवार, दुपारी २.०५

मी असं कुठं म्हटलं? बंदी ठेवायची तर तिचा खर्च वेगळा दाखवा म्हणतो. बायकांनी मोर्चे काढून बंदी मिळवली. ती टिकवायला वेगळं पथक, वेगळी गाडी, वेगळा निधी द्या. बीट जमादाराच्या डोक्यावर टाकून दिलं की बंदीही होत नाही अन् केबलचोरही सापडत नाही. २०१६ च्या सुधारणेनं ग्रामरक्षक दलाची सोय दारूबंदी कायद्यात आली. कागदावर आहे. दलानं खबर दिली, पंचनाम्याला हजर राहिलं, तर पंचांचा प्रश्न बराच सुटते. पण खबर देणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचत असंल तर कोण येईल दलात?

धानाची बांधी · मंगळवार, दुपारी ३.३०

गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा), मग झाडीपट्टीची नाटकं, पुढे शंकरपट. प्रत्येक गावाला बंदोबस्त हवा. याचे पैसे आयोजक भरतात का? तिकीट लावून कार्यक्रम करतात तर भरायला नको?

लेखाशीर्ष · मंगळवार, सायंकाळी ५.१५

@धानाची बांधी, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ४७ खाली एखाद्याने अर्ज केला तर जादा पोलीस त्याच्या खर्चाने देता येतात. पैसे आगाऊ चलनाने भरायचे, ते ००५५ या जमा शीर्षाला जातात. ठाण्याला त्यातला एक रुपया मिळत नाही, त्यामुळे वसुलीचा उत्साहही नसतो. सार्वजनिक शांततेसाठी पोलीस स्वतःहून जो बंदोबस्त लावतात तो फुकट. कोणता कार्यक्रम कुठल्या रकान्यात बसवायचा हा अधीक्षक कार्यालयाचा निर्णय, आणि आयोजकांच्या फलकावर कोणाचे फोटो आहेत त्यावर तो रकाना बदलू शकतो, एवढंच म्हणतो.

गावच्या मंडईला बिल लावा म्हणण्याआधी एक बघा. जून २०२३ मध्ये राज्याने क्रिकेट सामन्यांचं बंदोबस्त शुल्क कमी केलं, तेही २०११ पासून मागच्या तारखेने. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्यांना परवडतं त्यांना सूट दिल्यावर दंडार (लोकनाट्य) करणाऱ्या मंडळाकडून चलन मागायचं तोंड राहत नाही.

वऱ्हाडी ठेचा · मंगळवार, सायंकाळी ५.२२

दंडारीत बी चौकार मारा लागंल आता.

पळस · मंगळवार, रात्री ९.००

गडचिरोलीचा हिशोब वेगळा आहे, तो राज्याच्या सरासरीत मिसळू नका. सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी पथक १९९० मध्ये उभं राहिलं. नक्षलग्रस्त भागात पगार एकस्तर वरचा, शिवाय भत्ते. त्याच्या जोडीला केंद्राची सुरक्षाविषयक खर्चाची योजना आहे. दळणवळण, वाहतूक, विमा, आत्मसमर्पितांचं पुनर्वसन अशा बाबी राज्य आधी खर्च करतं आणि केंद्र नंतर परतफेड करतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. आता 'लढाई संपली, खर्च कमी करा' असं म्हणणारे निघतील. इथे एक कळ आहे. जिल्हा नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतून बाहेर पडला की केंद्राची परतफेड थांबते, पण राज्याने निर्माण केलेली पदं आणि बांधलेली ठाणी राहतात. देशभरात ही यादी १२६ जिल्ह्यांवरून २०१८ मध्ये ९० वर, २०२१ मध्ये ७० वर आणि २०२४ मध्ये ३८ वर आली. म्हणजे बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यात सुरुवातीला राज्याचा खर्च वाढतो.

शिवाय वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे इथली पोलीस मदत केंद्रं चोवीस तासांत उभी केली. त्या भागात सरकारचं पहिलं पक्कं दार तेच. दादालोरा खिडकी या पोलिसांच्या मदत कक्षातून जातीचे दाखले, आधार, योजनांचे अर्ज पोलीस भरून घेतात. हे महसूल, आदिवासी विकास आणि कृषी खात्याचं काम आहे. पारावरचा यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे उलटं येतं. इथे पोलिसांचा पैसा आधीच शाळा-दवाखान्याच्या कामाला लागतो, फक्त खाकी कपड्यात.

कडूनिंब · मंगळवार, रात्री ९.४०

@पळस, ते चांगलं की वाईट? दाखला द्यायला बंदूकवाला लागत असेल तर तलाठी कशाला ठेवला?

पळस · मंगळवार, रात्री ९.५५

वाईटच. पण उद्या खिडकी बंद केली तर तलाठी परवा तिथे पोचणार नाही. आधी तलाठ्याची खुर्ची मांडा, मग पोलिसाची उचला. सकाळी मनोरुग्णांबद्दल तुम्ही हेच म्हणालात.

संत्रा बर्फी · बुधवार, सकाळी ८.१०

मिनियापोलिसचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवू. पोलीस खातं मोडून त्या जागी सार्वजनिक सुरक्षा विभाग आणण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदानाला आला आणि पडला. पण मुद्दा निकालाचा नाही. तिथे पोलिसांचं अंदाजपत्रक शहराचं, म्हणून शहराने मत दिलं. आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला दुसरा विषय. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत तो नाहीच. ग्रामसभेने कितीही ठराव घेतला तरी २०५५ हलत नाही.

जुना मोहरर · बुधवार, सकाळी १०.३०

गावाच्या हातात जे थोडं आहे ते पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचं पद, नेमणूक उपविभागीय अधिकाऱ्याकडून. मार्च २०२४ च्या निर्णयाने मानधन ६,५०० वरून १५,००० झालं. वर्षाला १ लाख ८० हजार.

नवा शिपाई घ्या. मूळ वेतन २१,७००, महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ३३,६३५. त्यावर शासनाचा निवृत्तिवेतन अंशदानाचा वाटा १४ टक्के आणि घरभाडे. महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास, वर्षाला पावणेपाच ते पाच लाख. एका शिपायाच्या खर्चात अडीचाहून जास्त पोलीस पाटील.

पण म्हणून शिपायाऐवजी पाटील असं होत नाही. पाटील अटक करत नाही, तपास करत नाही. तो करतो ते खबर देणं, प्रेताजवळ थांबणं, पंचनाम्याला माणसं जमवणं आणि बाहेरचा माणूस गावात आला तर कळवणं. एवढं नीट झालं तरी ठाण्याची गाडी चारऐवजी दोन फेऱ्या मारते. चाळीस किलोमीटरवरच्या गावाची एक फेरी जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला १२ धरलं तर साडेसहा-सात लिटर डिझेल. गावोगावच्या फेऱ्या मोजा, महिन्याचा कोटा कुठे जातो ते दिसेल.

होमगार्डचा भत्ता ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला १,०८३ झाला. काम दिलं त्याच दिवसाचा, म्हणून बंदोबस्ताला स्वस्त. मात्र दुर्गा विसर्जनाला होमगार्ड उभा करता येतो, तपास त्याला देता येत नाही.

वऱ्हाडी ठेचा · बुधवार, सकाळी १०.४८

तुमी इथं खर्च कमी करून राह्यले, अन् आमच्या गावच्या मैदानावर सकाळी चार वाजता पोट्टे १६०० मीटर पयतेत. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा, अर्ज सतरा लाखावर. भरती बंद करा म्हनून तर पाहा, गोळाफेकीचा गोळा कोनीकडं येते ते दिसंल.

कडूनिंब · बुधवार, दुपारी १२.१५

ठेचाभाऊ हसवता हसवता खरं बोलून गेले. ज्या गावात दुसरी नोकरी नाही तिथे पोलीस भरती हीच रोजगार योजना.

एक गोष्ट कोणी घेतली नाही: न्यायसहायक प्रयोगशाळा. शेतकऱ्याने विष घेतलं की ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पूर्वीचं कलम १७४, आता १९४. पंचनामा, शवविच्छेदन, आणि डॉक्टरांनी कारण राखून ठेवलं तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत. जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीच्या फायलीला हेच कागद लागतात. व्हिसेऱ्याचा अहवाल थांबला की फाईल थांबते. तो खर्चही २०५५ मध्येच, न्यायसहायक विज्ञानाच्या गौण शीर्षात. 'पोलिसांचा खर्च कमी' असं सरसकट म्हटलं तर त्या शेतकऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईची फाईलही त्यात येते. नव्या संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाची जागेवर भेट सक्तीची होत आहे. तिथला खर्च वाढणारच, वाढायलाच हवा.

सिंगल फेज · बुधवार, रात्री ८.०५

खर्च वाचवायला सीसीटीव्ही लावा, पोलीस कमी लागतील, असं कोणी म्हणण्याआधी लिहितो.

चार कॅमेरे, दोन मेगापिक्सेलचे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह दोन एमबीपीएस धरला तर दिवसाला साधारण २१ जीबी, चारचे ८६. विकणारा एक टीबीची डिस्क देतो, ती अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. ग्रामपंचायतीला चोरी झाल्याचं सांगतात पंधराव्या दिवशी. तीस दिवस ठेवायचे तर तीन-चार टीबी हवेत.

मग लाइट. दाब खाली-वर होतो, डीव्हीआरचा अ‍ॅडाप्टर आधी जातो, मग डिस्क. साधा इन्व्हर्टर आणि स्पाइक गार्ड लावला नाही तर पहिल्या जूनच्या विजेत सगळं साफ. अर्थिंग नसलेला लोखंडी खांब म्हणजे विजेला निमंत्रण. आणि कॅमेरा चौकात सात फुटांवर लावतात. त्यात येतात फक्त टोप्या. दहा-बारा फुटांवर, गावात येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, समोरून दिवे येणार नाहीत असा लावा.

चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याने द्यायचं, आणि तपासायला पुन्हा पोलीसच. माणूस कमी होत नाही, कामाचा प्रकार बदलतो.

पारावरचा · बुधवार, रात्री ९.३०

तीन दिवस वाचतो आहे. पहिलं मत मागे घेतो, पण अर्धंच. राज्याच्या पातळीवर सरसकट कपात केली तर बीटच मरतं, हे मान्य. तरी पैसा एकीकडून दुसरीकडे खरंच जातो आणि गावाला बोलता येतं, अशी एकही जागा नाही का?

लेखाशीर्ष · बुधवार, रात्री १०.२०

आहे. जिल्हा नियोजन समिती.

जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांना गाड्या, सीसीटीव्ही अशा गोष्टींसाठी निधी दिला जातो. त्याच योजनेतून शाळाखोल्या, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रांची दुरुस्ती, पांदण रस्ते. २०५५ आणि २२०२ एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण या एका पंगतीत पोलीस आणि शाळा शेजारी बसतात. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी, आणि बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांतून निवडून आलेले. म्हणजे तुमच्या ओळखीचे.

माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा. मागच्या तीन वर्षांत पोलीस विभागाला मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम, बाबनिहाय. त्यातून घेतलेल्या गाड्या कोणत्या ठाण्याला दिल्या. सीसीटीव्हीच्या देखभाल कराराची मुदत कधी संपली. तिसरं विसरू नका. खरेदीला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, आणि सिंगल फेज यांनी लिहिलेले खांब तिथूनच तयार होतात.

मोहफूल · बुधवार, रात्री १०.४१

दुसरं महत्त्वाचं. गाडी तालुक्याच्या नावानं येते अन् जिल्ह्याच्या ठिकाणी फिरत राहते. वाटपाचा आदेश आणि गाडीचं लॉगबुक, दोन्ही मागा.

पारावरचा · गुरुवार, सकाळी ७.०५

बरं. अर्ज आजच लिहितो. ग्रामसभेत ठराव ठेवताना मागणी अशी करणार: नवे कॅमेरे नकोत, आहेत त्यांची देखभाल आणि डिस्क. आमच्या ठाण्याच्या नावाने आलेली गाडी आमच्या ठाण्यात. उरलेल्यातून उपकेंद्राची दुरुस्ती. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्यायचा ना?

जुना मोहरर · गुरुवार, सकाळी ७.५०

रकमेचा अर्ज जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात. गाडी आणि लॉगबुकचा वेगळा अर्ज अधीक्षक कार्यालयात. दोन्ही एकात घातलेत तर अर्ज एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होण्यातच दिवस जातील. प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठराव दिवाळीच्या आत करा, नंतर प्रारूप आराखडा सुरू होतो.

वऱ्हाडी ठेचा · गुरुवार, सकाळी ८.०२

अन् ग्रामसभा पोळ्याच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी पोलीस गावात असतेतच, त्याइची बी सही घेऊन टाका.